गटाच्या फाईलमधली पुसलेली वाक्यं

त्या वर्षी अकरावीच्या वर्गाला मी एकत्र लिहायला बसवलं. तिघातिघांचे गट केले आणि प्रत्येक गटाला एक ऑनलाइन फाईल उघडून दिली. तिघांनी तीन संगणकांवर बसायचं, पण लिहायचं एकाच पानावर. एकाने लिहिलेलं दुसऱ्याला त्याच क्षणी दिसतं, तिसरा बाजूला शेरा लिहू शकतो, आणि कुणी काय लिहिलं, काय पुसलं, याची नोंद फाईल स्वतःच ठेवते. एका प्रशिक्षणात मी हे शिकून आले होते आणि मला ते फार पटलं होतं. कारण तोवर माझ्याकडे जे निबंध यायचे ते सगळे एकाच गाईडमधले असायचे. नावं वेगळी, वाक्यं तीच. एकमेकांची वाक्यं बघत, दुरुस्त करत, भांडत लिहिलं तर पोरं खरंच इंग्रजी लिहायला लागतील असं मला वाटलं.

आमचं ज्युनिअर कॉलेज शहाद्यात. संगणकाच्या खोलीत बारा संगणक, त्यातले चालू सात. त्यामुळे गट पाळीपाळीने यायचे. मी मूळची प्रकाशा गावाजवळच्या खेड्यातली. घरी अहिराणी. नाशिकला शिकायला गेले तेव्हा तोंडातून ‘आहे’ऐवजी एखादं ‘शे’ निसटलं की बाकावरच्या मुली एकमेकींकडे बघायच्या. त्यामुळे भाषेवरून कुणाला हसणं आपल्याच्याने होणार नाही, असं मी स्वतःबद्दल धरून चालले होते. हे आधीच सांगते, कारण पुढे जे घडलं ते माझ्या हातून घडलं.

ज्या गटाबद्दल सांगायचंय त्यात दोन मुली आणि एक मुलगा होता. वर्गात आम्ही मुलांना गावावरूनच ओळखतो. एक काठीकडची, म्हणजे काठी गावाच्याही पुढे डोंगरात असलेल्या एका पाड्यावरची. घरी भिली बोलायची, मराठी आश्रमशाळेत शिकलेली, आणि वर्गात विचारल्याशिवाय तोंड उघडायची नाही. दुसरी नवापूरकडची, गुजरातच्या हद्दीला लागून असलेल्या गावातली. घरी इकडच्या आदिवासींची कोकणी बोली, रविवारी चर्च. या दोघी होस्टेलवर एकाच खोलीत राहायच्या. तिसरा कळसाडीचा मुलगा. घरी ऊस आणि कापूस, बोलणं अहिराणी, आणि दहावीला त्याच्या शाळेत पहिला आलेला. तिघांच्या घरच्या भाषा तीन, मराठी तिघांनाही शाळेतली, आणि इंग्रजी त्याच्याही पलीकडची.

त्यांनी विषय घेतला, आमच्याकडे घर कसं बांधतात. विषय मला आवडला. गाईडमध्ये सापडणारा नव्हता.

पहिल्याच तासाला काठीकडच्या मुलीने एक वाक्य लिहिलं, ‘वुई टाय अवर हाउस.’ मी मागेच उभी होते. कळसाडीचा मुलगा हसला. त्याने ‘टाय’ पुसून ‘बिल्ड’ लिहिलं आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग संधी चांगली आहे असं वाटून मी सगळ्या खोलीला थांबवलं. आपण मराठीत दोरीही बांधतो आणि घरही बांधतो, इंग्रजीत मात्र दोन्हीला वेगवेगळे शब्द आहेत, असं समजावलं. कुणीतरी म्हणालं, मग घर बैलासारखं खुंट्याला बांधायचं का. सगळे हसले. मीही हसले. त्या वाक्याशेजारी मी शेरा लिहिला: ‘ही मराठीतून आलेली चूक. इथे टाय चालणार नाही.’

ती मुलगी हसली नाही, रागावलीही नाही. तिने पडद्याकडे बघत हात मांडीवर घेतले आणि तास संपेपर्यंत तसेच ठेवले.

पुढच्या तासाला फाईल उघडली तर ‘टाय’ परत आलं होतं. मला वाटलं, तिला कळलेलं नाही. तोवर कळसाडीच्या मुलाने ते बदलूनही टाकलं होतं. दुसऱ्या गटाचा संगणक बंद पडला म्हणून मी तिकडे धावले, आणि तो विषय माझ्या डोक्यातून गेला.

मग दिवाळीची सुट्टी लागली. लेखन सुट्टीत पूर्ण करायचं, शेवटच्या रविवारपर्यंत, असं मी ठरवून दिलं होतं. त्याला अंतर्गत परीक्षेचे गुण होते. सुट्टी संपल्यावर पहिल्या तासाला प्राचार्य स्वतः येऊन बसणार होते. हा प्रयोग त्यांना बाकीच्या विषयांतही करायचा होता, त्यामुळे माझी थोडी प्रतिष्ठा त्यात गुंतली होती. मी घरी बसून रोज सगळ्या फाईली उघडून बघायचे. फाईलमध्ये प्रत्येकाच्या लिखाणाला वेगळा रंग दिसायचा. या गटात कळसाडीचा मुलगा हिरवा, नवापूरकडची मुलगी नारिंगी आणि काठीकडची जांभळी. हिरवा रोज वाढत होता. नारिंगी मधूनमधून दिसायचा. जांभळा कुठेच नव्हता. एक आठवडा गेला, दुसरा जात आला. मला तिचा राग यायला लागला.

शेवटच्या रविवारी दुपारी मी फाईल उघडली तर पानभर जांभळं होतं. सकाळी तिथे काही नव्हतं. नोंद बघितली तर सगळा मजकूर एकाच मिनिटात आलेला. वाक्यं लहान, सरळ आणि जवळजवळ बिनचूक. घरासाठी सगळा पाडा कसा जमतो, कुणी मजुरी घेत नाही, ज्याचं घर तो सगळ्यांना जेवू घालतो, याला त्यांच्याकडे लाह म्हणतात, हे सगळं त्यात होतं. आणि मधोमध पुन्हा ते, भिंत आम्ही टाय करतो.

वाचून मला आनंद व्हायला हवा होता. मला पहिलं वाटलं ते हे, की ही उचलेगिरी आहे. आणि दुसरं वाटलं, की प्राचार्यांसमोर हे उघड झालं तर माझं काय राहील. त्यापेक्षा आपणच उघड करावं.

मंगळवारी तास झाला. प्राचार्य शेवटच्या बाकावर बसले होते. मी फाईली भिंतीवर प्रोजेक्टरने दाखवत होते. कुणी किती काम केलं हे इथे लपत नाही, असं मी सांगितलं. दोन गटांच्या फाईली दाखवून झाल्यावर मी या गटाची नोंद उघडली, सुट्टीतल्या दिवसांची. हिरवं, नारिंगी, हिरवं, हिरवं. आणि मग तो एकदम आलेला जांभळा तुकडा.

मी तिला उभं केलं. हे कधी लिहिलं, असं विचारलं. सुट्टीत, ती म्हणाली. इथे तर सगळं एका मिनिटात आलंय, मी म्हणाले.

“कुठून घेतलंस?”

“मीच लिहिलं.”

तिचा आवाज इतका हळू होता की मागच्यांना ऐकू गेलं नसावं. मी त्या मजकुरातला एक शब्द शोधला. ‘सायमल्टेनिअसली.’ याचा अर्थ सांग, मी म्हणाले. ती भिंतीकडे बघत राहिली. मी थांबले, बराच वेळ थांबले. तिला अर्थ सांगता आला नाही.

“बस,” मी म्हणाले. “दुसऱ्याचं आणून आपलं म्हणायचं, याला काय म्हणतात ते मी सांगायला नको.”

मग या गटाचे गुण राखून ठेवते, मजकूर नव्याने लिहा, असं सांगून मी पुढच्या फाईलकडे गेले. कळसाडीचा मुलगा डोक्याला हात लावून बसला होता. नवापूरकडची मुलगी माझ्याकडे बघत होती, आणि ती नजर मला त्या दिवशी उद्धट वाटली. जाताना प्राचार्य म्हणाले, पद्धत चांगली आहे, चोरी लगेच पकडली जाते.

बुधवारी ती तासाला नव्हती. गुरुवारी दुपारी होस्टेलच्या रेक्टरबाईंचा फोन आला. ती मुलगी बुधवारी सकाळीच पिशवी घेऊन गेली होती. बरं वाटत नाही, घरी जाते, असं सांगून गेली. रेक्टरबाईंनी पोचल्याचा फोन करायला सांगितलं होतं, तो आला नव्हता. घरचा म्हणून नंबर लिहिलेला होता तो तिच्या मोठ्या भावाचा, आणि तो बंद लागत होता. “तुमच्या तासाला काही झालं का?” बाईंनी विचारलं. मी म्हणाले, थोडं रागावले होते. हे सांगताना माझ्या लक्षात आलं की मी ‘थोडं’ म्हणाले.

मी तो नंबर स्वतः लावून बघितला. बंद. संध्याकाळपर्यंत पुन्हापुन्हा लावला. शहाद्याहून अक्कलकुवा, तिथून घाट चढून मोलगी, मोलगीहून जीपने पुढे, आणि मग पायी. सतरा वर्षांची मुलगी एकटी निघाली होती आणि दीड दिवस झाला तरी ती पोचल्याचं कुणाला ठाऊक नव्हतं. डोंगरात रेंज नसते, म्हणून फोन नसेल, असं मी स्वतःला सांगत होते. पण ते कुणाला खात्रीने सांगता आलं नसतं.

शुक्रवारी सकाळी मी नवापूरकडच्या मुलीला स्टाफरूममध्ये बोलावलं. ती दाराशीच उभी राहिली. जाण्याच्या आदल्या दिवशी तुझी मैत्रीण काही बोलली का, मी विचारलं. बोलली नाही, ती म्हणाली, फक्त एक विचारलं, फाईलमधून आपलं नाव कसं काढायचं. मला ते ठाऊक नव्हतं म्हणून मी सांगितलं नाही, असंही म्हणाली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली,

“तिने ते वहीत लिहिलं होतं, मॅडम. सुट्टीच्या आधीपासून. रोज खोलीत लिहायची आणि खोडायची. तुम्ही मला विचारलंच नाही.”

ती गेल्यावर मी त्या गटाची फाईल उघडली. वर्गात मी फक्त सुट्टीतली नोंद दाखवली होती. आता मी पहिल्या दिवसापासूनची बघायला घेतली, आणि या वेळी काय लिहिलं ते न बघता काय पुसलं ते बघितलं. पुसलेली वाक्यं फाईल आडवी रेघ मारून दाखवते. जांभळी वाक्यं होती. भरपूर होती. कॉलेजातल्या प्रत्येक तासाला ती दोन-तीन वाक्यं लिहीत होती आणि हिरवा ती पुसत होता. कधी एखादा शब्द बदलून, कधी पूर्ण वाक्य. ‘टाय’ तिने पाच वेळा परत लिहिलं होतं. पाचव्यांदा पुसल्यावर तिने फाईलमध्ये लिहिणं थांबवलं होतं, आणि तो सुट्टीच्या आधीचा शेवटचा तास होता. या सगळ्याशेजारी, पानाच्या कडेला, माझा शेरा पहिल्या दिवसापासून तसाच उभा होता.

हे सगळं पहिल्यापासून त्या फाईलमध्येच होतं, आणि मी बघितलं नव्हतं.

मी कळसाडीच्या मुलाला बोलावलं. तिची वाक्यं तू का पुसत होतास, असं विचारलं तेव्हा माझा आवाज चढला असावा, कारण तो घाबरला, आणि घाबरला की तो अहिराणीत बोलायचा.

“मॅडम, तुम्हीच लिखेल शे ना तठे, हाई चुकेल शे म्हनीसन. मी फक्त चुकेल व्हतं ते काढं.”

म्हणजे, चुकीचं आहे असं तुम्हीच लिहिलंय, मी फक्त चुकलेलं काढलं. त्याने मान खाली घालून पुढे सांगितलं की तिची बाकीची वाक्यंही चुकीची असतील असं त्याला वाटलं, आणि तिघांचे गुण एकत्र होते. मग त्याने विचारलं, ती परत येणार आहे ना. मी त्याला वर्गात जायला सांगितलं.

शुक्रवारीही फोन लागला नाही. रेक्टरबाईंनी मोलगीच्या एका जीपवाल्याकडे निरोप दिला होता, त्याचंही उत्तर नव्हतं. शनिवारपर्यंत कळलं नाही तर पोलिसांत सांगावं लागेल, त्या म्हणाल्या. मी म्हणाले, मी जाते.

शनिवारी पहिल्या बसने मी निघाले. घरी फक्त नवऱ्याला सांगितलं. अक्कलकुव्याला उतरून मोलगीची जीप धरली. जीप भरल्याशिवाय निघत नाही, त्यामुळे पाऊण तास मी मधल्या सीटवर अवघडून बसले होते. ड्रायव्हरला विचारलं, बुधवारी कॉलेजची मुलगी, खांद्याला पिशवी, एकटी, तुमच्या जीपमधून गेली का. त्याने आठवून बघितलं. नाही, बुधवारी माझ्या गाडीत तर नाही, तो म्हणाला. इथून पाच-सहा गाड्या सुटतात, दुसऱ्या कुठल्या तरी गाडीत असेल, असंही म्हणाला. पण मला फक्त पहिलं वाक्य ऐकू आलं. घाटात प्रत्येक वळणावर मी दरीकडे बघत होते. का बघत होते ते मला स्वतःलाही कबूल करायचं नव्हतं.

मोलगीला उतरून पुन्हा तीच चौकशी केली. तिथे एका दुकानदाराने सांगितलं, बुधवारी दुपारनंतर एक मुलगी काठीच्या गाडीत बसताना बघितली, पण कुठली ते माहीत नाही. त्याच वाटेची गाडी मिळाली. काठीच्या पुढे एका फाट्यावर ड्रायव्हरने मला उतरवलं आणि पायवाट दाखवली. ज्वारी उभी होती. मी किती वेळ चालले ते आठवत नाही. एक म्हातारा गुरं घेऊन येत होता. त्याला मी मराठीत विचारलं. त्याला कळलं नाही. मग मी पिशवीतून वही काढून लिहिल्यासारखं करून दाखवलं. तो हसला आणि त्याने हातातल्या काठीने वरच्या बाजूला दाखवलं.

वर आठ-दहा घरं होती आणि एका घराभोवती माणसं जमली होती. मी भरभर चढले. जवळ गेल्यावर दिसलं की घर नवं उभं राहत होतं. सागाचे खांब रोवलेले होते, वर वासे बसलेले होते, आणि बायका-पुरुष मिळून बांबूच्या कामट्यांचा कूड खांबांना लावत होते. ती तिथे होती. लाकडाच्या ओंडक्यावर उभी राहून झाडाच्या सालीची ओली पट्टी खांबाभोवती फिरवत होती.

तिने मला बघितलं. हातातली गाठ तिने पूर्ण आवळली, टोक आत खोचलं, आणि मग उतरली.

मी तिथेच एका दगडावर बसले. कुणीतरी तांब्याभर पाणी दिलं. तिचा बाप पुढे आला. त्याला मराठी बऱ्यापैकी यायची. कॉलेजला आठ दिवस सुट्टी आहे असं तिने घरी सांगितलं होतं. तो म्हणाला, “मॅडम, पोरगी आली तेव्हापासून बोलत नाही. काय केलं तिने?”

ती बाजूलाच उभी होती. सुट्टी आहे, मी सहज आले, असं म्हणता आलं असतं. तिची लाज राखली असं वाटलं असतं, आणि माझीही राखली गेली असती. जमलेली माणसं काम थांबवून बघत होती.

“तिने काही केलं नाही,” मी म्हणाले. “मी तिला सगळ्या वर्गासमोर चोर म्हणाले. ती चोर नव्हती.”

बापामागे तिची आई उभी होती. तिला मराठी येत नव्हती. तिने लेकीला विचारलं, ही बाई काय म्हणते. मला भिली कळत नाही, पण प्रश्न कळला. मुलीने आईला दोन-तीन शब्दांत काहीतरी सांगितलं. एवढ्या थोडक्यात तिने नेमकं काय सांगितलं ते मला कधीच कळलं नाही. आईने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि आत जाऊन माझ्यासाठी भाकरी घेऊन आली. मी खाल्ली.

मग मुलीने पिशवीतून वही आणून माझ्यासमोर धरली. मी मागितली नव्हती. दोनशे पानी वही, अर्धी भरलेली. एकेक वाक्य चार-चार वेळा लिहिलेलं, खोडलेलं, पाठ्यपुस्तकातला शब्द समासात उतरवून घेतलेला. फोन भावाकडे असतो, तो कामावर जातो आणि रविवारी येतो, असं तिने सांगितलं. रविवारी तिने वहीतलं सगळं फोनमध्ये टाईप केलं. मग टेकडीवर चढून गेली. वर एका जागी पलीकडच्या टॉवरची रेंज येते, पण टिकत नाही. म्हणून फाईल उघडल्या उघडल्या तिने सगळा मजकूर एकदम चिकटवला.

मी पानं उलटत होते. एका पानावर तिने बोट ठेवलं.

“ही दोन वाक्यं आधीच्या रविवारी टेकडीवर मोबाईलला विचारून लिहिली. बाकीची माझी आहेत. तुम्ही नेमका यातलाच शब्द विचारला.”

तो शब्द तिथे होता. ती दोन वाक्यं विचारून लिहिली म्हणून ती अजूनही स्वतःला थोडी दोषी समजत होती, हे तिच्या बोलण्यावरून कळत होतं. मी म्हणाले, दोन वाक्यं विचारली तर काही बिघडत नाही. ती म्हणाली, तुम्ही सुट्टीआधी सांगितलं होतं, विचारायचं नाही. सांगितलं होतं खरं.

मग ती मला त्या नव्या भिंतीपाशी घेऊन गेली. तिने कूड हाताने हलवून दाखवला.

“बघा मॅडम. यात खिळा नाही, विटा नाहीत. बांधलंय. टायच केलंय.”

“मला वाटलं, तू मराठीतून आणलंस,” मी म्हणाले.

“आम्ही घरात मराठी बोलतच नाही,” ती म्हणाली. “मराठीतून कसं आणू?”

तिच्या आवाजात राग नव्हता. वर्गभर हसवताना मी तिची भाषा कुठली याचा विचारसुद्धा केला नव्हता. आपल्याला एकच चूक ठाऊक असते, आणि समोरचा काहीही म्हणाला तरी आपण त्यात तीच शोधतो.

निघताना मी तिला विचारलं, येशील ना. ती म्हणाली, बघते. बाप मला फाट्यापर्यंत सोडायला आला. वाटेत तो म्हणाला, तिला शिकायचंय, पण मी तिला ओढून पाठवणार नाही. जीप यायला उशीर झाला, तोवर तो माझ्याबरोबर उभा राहिला. परतताना अक्कलकुव्याला रेंज आली तेव्हा मी रेक्टरबाईंना फोन केला, मुलगी घरी आहे, सुखरूप आहे.

सोमवारी मी प्राचार्यांना जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, होतं असं, आता फार ताणू नका. मी वर्गातही सांगितलं. तिची जागा रिकामी होती, त्यामुळे ते बोलणं अर्धवटच वाटलं. ज्या वेगाने वर्ग त्या दिवशी हसला होता, त्या वेगाने कुणी मान हलवली नाही. मी नवा नियम केला, दुसऱ्याचं वाक्य कुणी पुसायचं नाही. पटलं नाही तर बाजूला प्रश्न लिहायचा आणि ज्याचं वाक्य त्याने उत्तर द्यायचं. माझा शेरा मी काढून टाकायला गेले, पण काढला नाही. त्याच्याखाली लिहिलं, हा शेरा चुकीचा आहे.

मंगळवार, बुधवार, गुरुवार. ती आली नाही. रोज तास सुरू होताना मी दाराकडे बघायचे आणि मग हजेरी घ्यायचे. शुक्रवारी मी फाईल उघडली तर कळसाडीच्या मुलाने जुन्या नोंदीतून तिची पुसलेली सगळी वाक्यं शोधून पानावर परत आणून ठेवली होती, जशी होती तशी, चुकांसकट. मी त्याला तसं सांगितलं नव्हतं. ‘टाय’पाशी त्याने एक प्रश्न लिहिला होता: भिंत दोरीने बांधता का?

ती पुढच्या बुधवारी आली. बापाने आणून सोडली होती. मी वर्गासमोर तिची माफी मागितली, प्राचार्यांच्या समोर मागायला हवी होती, ती तशी मागितली गेली नाही. ती ऐकताना वहीकडे बघत होती. मग संगणकावर जाऊन बसली. कळसाडीचा मुलगा दोन संगणक सोडून बसला होता. दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. पण प्रश्नाखाली जांभळं उत्तर उमटलं: दोरीने नाही, सालीने. त्याने लिहिलं, कुठल्या झाडाच्या? तिने झाडाचं भिली नाव लिहिलं. त्याने विचारलं, इंग्रजीत काय म्हणतात? ती माझ्याकडे वळली. मला माहीत नव्हतं. नवापूरकडच्या मुलीने लिहिलं, तसंच राहू द्या. ते तसंच राहिलं. त्या गटाला मी पूर्ण गुण दिले, आणि दिल्यावर मला जाणवलं की त्या गुणांची आता त्या तिघांपैकी कुणालाच फारशी मातब्बरी नव्हती.

बारावीतही ती माझ्याच वर्गात होती. तिचं इंग्रजी चांगलं होत गेलं. बोलायलाही लागली, कधी कधी सगळ्यांच्या आधी. पण लिखाण फाईलमध्ये टाकलं की ती वही घेऊन माझ्या टेबलापाशी यायची, पान उघडून धरायची आणि खोडलेल्या ओळी मला दिसतील अशी उभी राहायची. याची गरज नाही, असं मी तिला अनेकदा सांगितलं. ती हो म्हणायची. पुढच्या वेळी पुन्हा वही आणायची. शेवटच्या परीक्षेपर्यंत तिने ते सोडलं नाही, आणि मीही दर वेळी ती पानं नीट वाचल्याशिवाय तिला परत पाठवलं नाही.